मामा, कुणाला थांबवायचं हे ठरतं तरी कसं?

प्रति,
महाराष्ट्रातले वाहतूक पोलीस आणि त्यांचे साहेब यांस,

सप्रेम नमस्कार.

पुण्यात माझं मोटार ड्रायव्हिंग स्कूल आहे. दोन गाड्या, दोन्हींना डाव्या बाजूलाही क्लच-ब्रेक, आणि एकोणीस वर्षं त्या डाव्या सीटवर बसून दुसऱ्याच्या चुकांवर ब्रेक मारायचा माझा धंदा. पहिल्या दिवशी मी प्रत्येकाला विचारतो, काही शंका आहे का? क्लच कधी सोडायचा, चढावर गाडी मागे आली तर काय करायचं, असले प्रश्न येतात. पण दर बॅचला एक प्रश्न हमखास येतोच. "सर, मामा कुणाला पकडतात?" कशाबद्दल पकडतात, असं कुणी विचारत नाही. कुणाला, एवढंच.

मामा लिहिलं म्हणून राग मानू नका. आमच्याकडे हा शब्द भीती आणि लाड यांच्या मधोमध कुठेतरी बसतो. तुमच्यासाठी दुसरे जे शब्द चालतात ते पत्रात घालण्यासारखे नाहीत.

पत्राला निमित्त झालं ते गेल्या महिन्यातलं. वीस-एकवीस वर्षांची मुलगी, शिकायचा सातवा-आठवा दिवस, हात चांगला बसलेला. सिग्नल हिरवा होता, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये छान चालली होती. चौकाच्या कोपऱ्यावर पांढरा शर्ट आणि खाकी पँट दिसली आणि बाईंचा पाय ब्रेकवर. क्लच दाबायचं भान कुठलं राहायला! गाडी धक्का खाऊन चौकाच्या मध्यावर बंद पडली. मागे पीएमपीची बस, तिचा हॉर्न, बाजूने निघणाऱ्या दुचाकीवाल्यांचे शेरे. मी गाडी सुरू करायला लावली, पुढे नेऊन कडेला घेतली. तिच्याकडे लर्निंग लायसन्स होतं, पुढे-मागे लाल एल होता, बेल्ट लावलेला होता, शेजारी मी होतो. म्हटलं, घाबरलीस कशाला? "वाटलं पकडतील." कशासाठी? तिने खरोखर विचार केला आणि म्हणाली, "माहीत नाही. पण पकडतात ना."

कोपऱ्यावरचा माणूस मग मी नीट पाहिला. समोरच्या शाळेचा शिपाई होता. पोरांना रस्ता ओलांडून देत होता.

या मुलीच्या डोक्यात तुमच्याबद्दल जे भरलंय ते आईबापांनी, कॉलेजच्या कट्ट्याने आणि व्हॉट्सॲपने मिळून भरलंय. माझ्या गाडीत बसून लोकांनी आजवर जे सांगितलं त्यातलं थोडं तुमच्या कानावर घालतो. काही धादांत खोटं आहे, ते मी जागच्या जागी खोडून काढतो. काहींत तथ्य आहे. आणि काहींचं खरं-खोटं फक्त तुम्हीच सांगू शकता.

चपलांपासून सुरुवात करू, कारण ते सोपं आहे. १ सप्टेंबर २०१९ ला सुधारित मोटार वाहन कायदा लागू झाला आणि देशभर दंडाच्या आकड्यांचे मेसेज सुटले. त्यात चप्पल घालून गाडी चालवली तर दंड, हाफ शर्ट असेल तर दंड, लुंगी असेल तर दंड, काच मळकी असेल तर दंड, गाडीत जादा बल्ब नसेल तर दंड, अशी भर पडत गेली. इतकी की त्याच महिन्यात केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्या कार्यालयाला ट्विट करून सांगावं लागलं की यातल्या कशालाही दंडाची तरतूद नाही. गंमत म्हणजे महाराष्ट्राने तेव्हा वाढीव दंड लागूच केले नव्हते. ते इथे आले डिसेंबर २०२१ मध्ये. म्हणजे दंडाच्या आधी दोन वर्षं अफवा येऊन बसली. आजही माझ्याकडे दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी गाडीत बसताना कोल्हापुरीकडे बघत विचारतं, "सर, ही चालेल ना?" चालेल. पेडलवरून सटकते म्हणून मी बूट घालायला सांगतो, ते वेगळं.

खुलासा एकदाच होतो, अफवा रोज होते. ही अडचण तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार.

पुढची अफवा तुम्ही रोज ऐकत असाल: टार्गेट. महिनाअखेर आली की पावत्या फाडतात, मार्चएंडला तर विचारूच नका. माझ्याकडे येणारे काही जण महिन्याच्या पंचविशीनंतर दुचाकी घरीच ठेवतात. हे ऐकून मला हसू येतं, पण त्यांना "असं काही नसतं" असं ठामपणे सांगताही येत नाही. कायद्यात टार्गेट हा शब्द कुठेही नाही. दंडाचे पैसे आता ऑनलाइन थेट सरकारी खात्यात जातात, त्यामुळे मागे लोक म्हणायचे तसं पावतीमागे कमिशन, हेही पटत नाही. पण अधूनमधून विशेष मोहिमा निघतात, रस्ता सुरक्षा सप्ताह-महिना साजरा होतो, मग एके दिवशी चौकाचौकात पाच-पाच जण दिसतात आणि दुसऱ्या दिवशी चिटपाखरू नाही. वर्तमानपत्रात बातमी येते ती "एका दिवसात इतक्या हजार जणांवर कारवाई" अशी. त्या चौकातले अपघात कमी झाले का, ही बातमी येत नाही. कामाची मोजणी आकड्यानेच होत असेल तर तो आकडा रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या मानेवर बसणारच. त्याला तुम्ही टार्गेट म्हणू नका, कामगिरी म्हणा. सिग्नलला उभ्या असलेल्या माणसाला दोन्ही सारखंच दिसतं.

आता एक गोष्ट तुमच्या बाजूची. तीन-चार वर्षांपूर्वी एक निवृत्त हवालदार नातीला घेऊन आले होते. नात गाडी शिकायची, आजोबा मागच्या सीटवर बसायचे. आयुष्य वाहतूक शाखेत गेलेलं. मी त्यांना सरळ विचारलं, आजोबा, तुम्ही ठरवत कसं होता? ते म्हणाले, गाडी बघायचो नाही, बघणाऱ्याला बघायचो. लांबून आम्हाला पाहिलं की ज्याचा हात पटकन हनुवटीखाली हेल्मेटच्या पट्ट्याकडे जातो, जो विनाकारण वेग कमी करतो, जो अचानक यू-टर्न घेतो, जो आपल्या शेजारच्या ट्रकच्या आड चालायला लागतो, तो बरोबर कळतो. मग म्हणाले, आणि खरं सांगू का, जो डाव्या कडेने येतो तोच सापडतो. उजव्या लेनमधला दिसतो, पण त्याला थांबवायला मधल्या गाड्यांपुढे उडी कोण मारणार? एकाला बाजूला घेतलं की लायसन्स बघ, नंबर टाक, फोटो काढ, त्याचं ऐकून घे, यात तीन-चार मिनिटं जातात. तेवढ्यात दोन हिरवे सिग्नल होऊन जातात आणि बिनहेल्मेटचे वीस जण आमच्या डोळ्यांदेखत निघून जातात. थांबवलेला माणूस त्या वीस जणांकडे बोट दाखवून विचारतो, मीच का?

मला वाटतं, अर्ध्या अफवांची आई हा "मीच का" आहे. उत्तर फार साधं असतं: तुम्ही डावीकडे होता, आणि मामांचे हात मोकळे होते. पण हे उत्तर कुणाला रुचत नाही. माणसाला कारण लागतं. मग तो आपल्या नंबरप्लेटकडे बघतो, आपल्या कपड्यांकडे बघतो, शेजारून गेलेल्या गाडीवरच्या झेंड्याकडे बघतो आणि घरी जाऊन गोष्ट सांगतो. जे वीस जण सुटले ते घरी जाऊन काहीच सांगत नाहीत.

नंबरप्लेटचंच घ्या. पुण्यात एमएच-११, एमएच-१३ दिसली की थांबवतात, असं सातारा-सोलापूरची पोरं शपथेवर सांगतात. पुण्याची पोरं कोल्हापूरला जाऊन आली की एमएच-१२ बद्दल हेच सांगतात. बाहेरगावचा माणूस आमच्या पेठांतल्या एकेरी रस्त्यांत शिरला की त्याची गाडी आपोआप चुकते. जंगली महाराज रस्ता एकेरी, फर्ग्युसन रस्ता एकेरी, लक्ष्मी रस्ता एकेरी, आणि गल्लीच्या तोंडावरची नो एंट्रीची पाटी वाढदिवसाच्या फ्लेक्समागे. तो बावचळतो, उशिरा वळतो, उलटा शिरतो. स्थानिक माणूस तोच गुन्हा सवयीने, मान न वळवता करतो. तेव्हा बाहेरचा जास्त सापडतो हे खरंही असेल आणि तुमच्या मनात काहीच नसेल, हेही खरं असेल. जुन्या रोखीच्या काळात मात्र यात वेगळंही काही होतं, हे तुम्हीही नाकारणार नाही. बाहेरचा माणूस कोर्टाच्या तारखेला परत थोडाच येणार, तो जागच्या जागी "बघा ना साहेब, काही होतंय का" म्हणणार. ती आठवण लोकांच्या मनातून मशीन आल्यावरही गेलेली नाही. परराज्यातल्या नंबरबद्दल थोडं तथ्य कायद्यातही आहे: बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी दुसऱ्या राज्यात ठेवली तर तिथे नोंदणी करून घ्यावी लागते. त्यामुळे कर्नाटकची प्लेट बघून विचारपूस केली तर त्यात गैर काही नाही. पण चारच दिवसांसाठी आलेल्या पाहुण्याला ते कोण समजावून सांगतं?

मुलींचं तर दोन्ही बाजूंनी आहे. मुलं म्हणतात, स्कार्फ बांधलेली दिसली की मामा सोडतात. मुली म्हणतात, आम्ही थांबतो म्हणून आम्हालाच थांबवतात, मुलं कट मारून पळून जातात. एकाच गाडीत पुढे मुलगी आणि मागे मुलगा बसलेला असताना या विषयावर भांडण झालेलं आहे आणि गिअर बदलायचा राहून गेलेला आहे.

"एकदा पावती फाडली की दिवसभर मोकळं" ही अफवा मात्र घातक आहे. माझ्याकडे एक डिलिव्हरी करणारा मुलगा चारचाकी शिकायला यायचा. सकाळी सिग्नल तोडला म्हणून त्याला चलन आलं, तर तो मेसेज त्याने स्क्रीनशॉट काढून ठेवला, आणि दिवसभर सिग्नल तोडत फिरला. संध्याकाळी दुसरं चलन. तो चिडून मला विचारतो, "सर, हे बेकायदा नाही का?" अरे बाबा, ती पावती आहे, पास नाही! दोन सिग्नल तोडले तर दोन गुन्हे. "फौजदारापेक्षा खालच्या माणसाला लायसन्स मागायचा अधिकारच नाही" हेही असंच. मोटार वाहन कायद्याचं कलम १३० म्हणतं, गणवेशातल्या कुठल्याही पोलीस अधिकाऱ्याने मागितलं तर लायसन्स दाखवायचं. मोबाइलवरचं, डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमधलंही चालतं, ही तरतूद २०१८ पासून आहे. एवढं तरी आम्ही शिकवतो. तुमच्यातल्या काहींना ते अजून पटलेलं नाही आणि "ओरिजिनल कुठंय?" ऐकू येतं, हे जाता जाता.

आता झाडामागचं.

लोक म्हणतात, मामा लपतात. ही अफवा आहे असं मला म्हणता येत नाही, कारण मी रोज रस्त्यावर असतो. मला तुमची जागा कळते. विद्यार्थ्याला सांगतो, पुढे वळणानंतर डावीकडे झाडाखाली बघ, आणि तिथे तुम्ही असता. एक उदाहरण देतो, रस्ता कुठला ते राहू द्या. एकेरी गल्ली आहे. तिच्या चुकीच्या तोंडावर पाटी आहे, वाकलेली, अर्धी पुसलेली. तुम्ही त्या तोंडाशी उभे राहिलात तर एकही गाडी आत शिरणार नाही. तुम्हाला बघूनच लोक पुढे जातील. त्या दिवशी चलन शून्य. तुम्ही गल्लीच्या दुसऱ्या टोकाला उभे राहिलात तर दर दोन मिनिटांनी एक गाडी येते, पूर्ण गल्ली उलट दिशेने पार करून, समोरून येणाऱ्या म्हाताऱ्यांना भिंतीला चिकटवून, आणि मग तुमच्या हातात सापडते. त्या दिवशी चलनं तीस-चाळीस. तुम्ही बहुतेक वेळा दुसऱ्या टोकाला असता.

मी तुमच्या जागी असतो तर कदाचित मीही तिथेच उभा राहिलो असतो. शून्य चलनाचा दिवस साहेबांना कसा दाखवायचा? पण बघणाऱ्याच्या मनात यातून एक गोष्ट पक्की होते, की तुम्हाला गुन्हा व्हायला हवा आहे. कॅमेऱ्यांसाठी तरी नियम आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली १६७-अ हा नियम आला. कॅमेऱ्याने नजर ठेवली जाते आहे हे सांगणारी पाटी आधी दिसली पाहिजे, यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र हवं आणि त्याचं दर वर्षी नूतनीकरण हवं, गुन्ह्याची नोटीस पंधरा दिवसांत गेली पाहिजे. यंत्राने लपायचं नाही असं कायदा सांगतो. माणसाला तो तसं सांगत नाही, म्हणून मी सांगतो आहे.

स्टिकरबद्दल मी तुमची बाजू घेऊ शकणार नाही, माफ करा. गाडीवर पोलीस, प्रेस, महाराष्ट्र शासन लिहिलं, पुढे पक्षाचा झेंडा लावला, नंबर ४१४१ असेल तर तो "दादा" दिसेल असा आणि २१४ असेल तर "राम" दिसेल असा रंगवून घेतला, की थांबवत नाहीत, हे माझ्याकडच्या अठरा वर्षांच्या पोरांना गिअरच्या आधी माहीत असतं. अफवा असेल तर तिच्या पुराव्याला रस्त्यावर उभं राहिलं की दहा मिनिटं पुरतात. कायदा इथे तुमच्यापेक्षा कडक आहे. कलम २१०-ख म्हणतं, कायदा राबवणाऱ्यानेच गुन्हा केला तर दंड दुप्पट. हे कलम मी वर्गात वाचून दाखवतो तेव्हा पोरं टाळ्या वाजवतात आणि मग एक जण विचारतो, "सर, कुणाला झालाय का?"

पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर २०२४ पासून वरती कमानींवर कॅमेरे आले आणि तिथे "मीच का" थोडं थंडावलं. सपाटीला ताशी १००, घाटात ६०. कॅमेऱ्याला तुमचं गाव, जात, झेंडा, स्कार्फ यातलं काही कळत नाही. सुरुवातीला आरशाला सीडी टांगली की कॅमेरा चकतो, प्लेटवर चिखल लावला की वाचता येत नाही, असले इलाज फिरले. प्लेट झाकणं हा स्वतःच वेगळा गुन्हा आहे एवढं सांगून मी पुढे जातो. कॅमेऱ्याने निवड संपवली, पण चूक संपवली नाही. इथे माझं स्वतःचं सांगतो.

गेल्या वर्षी माझ्या मोबाइलवर ई-चलन आलं. एका दुसऱ्या शहरातून, नाव घेत नाही. गाडी नंबर माझ्या स्कूलच्या गाडीचा. गुन्हा: विनाहेल्मेट वाहन चालवणे. माझी गाडी चारचाकी आहे. छतावर स्कूलची पाटी आहे. मी ते दोनदा वाचलं, मग फोटो उघडला. फोटोत एक स्कूटर, तिच्यावर पाठमोरा माणूस, दोन पायांच्या मध्ये गॅसची टाकी. नंबरप्लेट मोठी करून पाहिली तर शेवटचा आकडा ३, माझा ८. कुणीतरी मशीनवर टाइप करताना चुकलं असणार, होतं असं. मी ॲपवर तक्रार टाकली, आरसी बुकाचा फोटो जोडला, गाडीचा चारही बाजूंनी फोटो जोडला. तीन आठवड्यांनी उत्तर: तक्रार अमान्य. कारण दिलेलं नाही. पुन्हा टाकली. पुन्हा तेच. मग एके दिवशी सुट्टी काढून त्या गावी गेलो. समोरच्या कर्मचाऱ्याने फोटो पाहिला, माझ्याकडे पाहिलं, हसला आणि म्हणाला, "पाचशे-हजारासाठी कशाला एवढं येता, भरून टाकायचं." चांगला माणूस होता, चहाही विचारला. पण बघा, मला दंड केला कुणी, का केला, चूक कुणी तपासली, तपासली का, यातलं काही मला कळलं नाही. त्या संध्याकाळी परतीच्या एसटीत मी स्वतःला पकडलं. माझ्या मनात विचार आला होता की एमएच-१२ बघून मुद्दाम...

म्हणजे अफवा अशी तयार होते. मी एकोणीस वर्षं जिला खोडत आलो ती माझ्याच डोक्यात अर्ध्या दिवसात उगवली. मला उत्तर दिलं असतं, "टायपिंगची चूक, चलन रद्द", तर ती उगवली नसती.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. या सगळ्यामुळे लोक रस्ता वाचायला शिकत नाहीत, तुम्हाला वाचायला शिकतात. पुण्यात हेल्मेट कोपरात अडकवलेला माणूस बघा. हेल्मेट विकत घेतलं, रोज सोबत नेतो, वजन उचलतो, आणि चौक दोनशे मीटरवर आला की डोक्यावर चढवतो. चौक ओलांडला की पुन्हा कोपरात. आमच्या शहराने हेल्मेटसक्तीविरुद्ध कृती समित्या काढल्या आहेत, त्यात मी जात नाही. पण तो कोपर माझ्या डोक्यातून जात नाही. २०२२ साली देशात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ लोक रस्त्यावर मेले, हा रस्ते वाहतूक मंत्रालयाचा आकडा आहे. त्यांतल्या कितीजणांच्या कोपरात हेल्मेट होतं याची नोंद कुठे ठेवत नाहीत. एच.एस.आर.पी., म्हणजे त्या नव्या हाय सिक्युरिटी नंबरप्लेटच्या, मुदती वाढत गेल्या तेव्हाही हेच पाहिलं: प्रत्येक मुदतीच्या आदल्या रात्री "उद्यापासून दहा हजार" असे मेसेज, सकाळी धावपळ, मुदत वाढली की पुन्हा सगळे झोपी. तुम्ही उभे आहात की नाही यावर इथे नियम चालू-बंद होतो, आणि हे मी नव्या मुलांना कितीही शिकवलं तरी महिन्याभरात रस्ता त्यांना उलटं शिकवतो.

मागणी फार मोठी नाही. माहितीच्या अधिकाराच्या कायद्यात, २००५ च्या, कलम ४(१)(ख) आहे. आपलं काम करताना कुठले निकष लावता हे सरकारी कार्यालयाने कुणी न विचारता स्वतःहून जाहीर करायचं असतं. तुमचा निकष काय, ते एका पानावर लिहा. साध्या मराठीत, "उपरोक्त संदर्भीय विषयान्वये" नको. रोजच्या चलनांचा आकडा ठरवून दिलेला असतो की नसतो, हो किंवा नाही. दर महिन्याला प्रत्येक चौकीच्या बाहेर एक कागद लावा: या चौकात किती चलनं झाली, कशाबद्दल, किती वाजता, किती माणसाने केली आणि किती कॅमेऱ्याने, आणि त्याच रस्त्यावर त्या महिन्यात अपघात किती झाले. चलनं एका चौकात आणि अपघात दुसऱ्याच चौकात असतील तर ते लोकांना दिसेल, तुम्हालाही दिसेल. ॲपवरच्या तक्रारी किती आल्या, किती मान्य झाल्या, अमान्य केल्या त्या का, हेही लिहा. एका ओळीत कारण, बास. पोलिसांच्या स्वतःच्या गाड्यांवर २१०-ख खाली किती कारवाया झाल्या हा आकडा त्या कागदावर दिलात, तर माझ्या वर्गातल्या टाळ्या तुमच्या नावावर.

आणि ती वाकलेली नो एंट्रीची पाटी. ती सरळ करायला तुमचा एक माणूस आणि अर्धा तास लागेल. पालिकेचं काम आहे म्हणाल तर पालिकेलाही पत्र लिहितो.

२०२५ च्या जुलैत तुमच्याच वरिष्ठांनी परिपत्रक काढलं की चलनासाठी स्वतःच्या खासगी मोबाइलवर फोटो काढू नका, मशीन वापरा. ते मला फार आवडलं होतं. मी ते छापून स्कूलच्या भिंतीवर लावलं, चिन्हांच्या तक्त्याशेजारी. पहिल्यांदा त्या भिंतीवर तुम्ही काय करायचं नाही हे लिहिलेलं होतं. एरवी तिथे सगळं आम्ही काय करायचं नाही हेच असतं. पोरं थांबून वाचायची. त्या कागदाखाली अजून एका पानाची जागा आहे. तुमचं पान आलं की तिथे लावतो.

त्या मुलीची लायसन्सची परीक्षा पुढच्या आठवड्यात आहे, नाशिक फाट्याजवळ आयडीटीआर या ड्रायव्हिंग प्रशिक्षण संस्थेच्या ट्रॅकवर. आठ काढते, चढावर थांबून निघते, रिव्हर्स उत्तम. पांढऱ्या शर्टाचं काय करायचं ते अजून मला सुचलेलं नाही. परवा मी तिला मुद्दाम एका चौकीसमोर गाडी थांबवायला लावली आणि म्हटलं, उतर, आत जा आणि विचार, इथे पार्किंग कुठे आहे. ती पाच मिनिटं गाडीतच बसून राहिली. मग गेली. बाहेर आली तेव्हा हसत होती. म्हणाली, "सर, ते मामा तर साधेच आहेत. त्यांनी मलाच विचारलं, लायसन्स कधी निघतंय."

आपला,
एक ड्रायव्हिंग स्कूलवाला, पुणे

ता. क. ते हेल्मेटचं चलन अजून माझ्या गाडीच्या नावावर थकीत दिसतंय. भरणार नाही.